गावची शाळा आणि आपला वाटा

(आपल्या मंडळाच्या समुद्रपूर येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आज या मंडपात आपल्या समाजातील गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. कोणी दहावीच्या परीक्षेत नाव काढले, कोणी बारावीच्या, कोणी पदवी संपादन करून नोकरीस लागले. त्या सर्वांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. असा सत्कार आपले मंडळ दरवर्षी करीत असते आणि तो करावयासच हवा. परंतु हार-श्रीफळ चालू असता आमच्या मनात एक विचार सारखा घोळत होता. या मुलांपैकी बहुतेकांनी पहिले अक्षर जेथे गिरविले, ती गावची प्राथमिक शाळा आजच्या कार्यक्रमपत्रिकेत कोठेच नाही. तिच्याविषयी चार शब्द बोलावे, एवढ्याच हेतूने आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

आम्ही विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाच्या प्रशिक्षणास गेलो आणि पुढची सारी नोकरी पहिली ते चौथीच्या मुलांत काढली. तेव्हा मोठा सिद्धांत मांडण्याचा आमचा अधिकार नाही. जे वर्गात आणि गावच्या ओसरीवर पाहिले तेवढेच सांगू. त्यातही आरंभी आमचीच एक चूक सांगू. कारण जो दुसऱ्यास उपदेश करावयास निघाला त्याने आधी आपले घर झाडलेले बरे.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही आपल्या तालुक्यातील एका लहानशा गावी राहतो. तेथे जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. त्या शाळेचा पट वर्षानुवर्षे घसरत चालला होता. एका ग्रामसभेत हा विषय निघाला, तेव्हा आम्ही सवयीप्रमाणे उठलो आणि आपली मुले गावच्या शाळेतच घालावी, मातृभाषेत शिकवावी, असे बऱ्यापैकी लांब भाषण केले. भाषण संपले. मागच्या बाजूस मजुरीची एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. ती उठली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, “गुर्जी, आमच्या पोराले शाळेत धाडा म्हन्ता, ते बराबर हाये. पन तुमचा नातू कोन्या शाळेत जाते?”

सभा क्षणभर स्तब्ध झाली. आमचा नातू रोज सकाळी गळ्यात टाय बांधून, गाडीत बसून, शहरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जात होता. बाईंच्या बोलण्यात यत्किंचितही टोमणा नव्हता. आणि म्हणूनच ते अधिक लागले. पस्तीस-छत्तीस वर्षे ज्या शाळेच्या पगारावर आमचा संसार चालला, ती शाळा आमच्या नातवास आम्हीच पुरेशी मानली नव्हती. मुलाने घेतलेल्या निर्णयास आम्ही मान हलविली होती, आणि मान हलविणे ही संमतीच होय.

त्या रात्री आम्ही ठरविले की, येते एक वर्ष, म्हणजे २०२४-२५ हे शैक्षणिक वर्ष, आपण रोज त्या शाळेत जावयाचे. शिकविण्याचा अधिकार आता आपला नाही. तेथील गुरुजी आणि बाई सांगतील ते करावयाचे. वर्गाबाहेर बसून कच्च्या मुलांचे वाचन घ्यावयाचे, आणि शाळा व गाव यांच्यामध्ये येरझारा घालावयाच्या. त्या वर्षाचा हा वृत्तांत आहे. गावाचे नाव मुद्दामच सांगत नाही. नाव सांगितले की ऐकणारा म्हणतो, “ते गाव निराळे आहे.” ते गाव निराळे नाही. आपणांपैकी प्रत्येकाचे आहे.

पुढे जाण्यापूर्वी एका गोष्टीचे स्मरण करून देणे अवश्य वाटते. शाळा आणि गाव यांचा संबंध कसा असावा, हा प्रश्न साऱ्या देशास ज्या जिल्ह्याने शिकविला त्या जिल्ह्याचे आपण रहिवासी आहो. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली. सात वर्षांचे शिक्षण सर्वांना मोफत व सक्तीचे मिळावे, ते मातृभाषेतून असावे, आणि एखाद्या उपयुक्त हस्तोद्योगाभोवती त्याची गुंफण व्हावी, असे तेथे ठरले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याची योजना आखली. हेच डॉ. झाकिर हुसेन पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. सेवाग्रामला आर्यनायकम् आणि आशादेवी या पतिपत्नींनी ते काम हाती घेतले. एक सिलोनचे, दुसऱ्या बंगाली कुटुंबातील. पण वर्ध्याच्या मातीत मुलांसह खपले. कापसाच्या बोंडापासून कापडापर्यंतच्या प्रवासात मुले गणित शिकत, भूगोल शिकत, इतिहास शिकत. कालांतराने ती शाळा बंद पडली; परंतु २००५ साली त्याच परिसरात ‘आनंद निकेतन’ या नावाने शाळा पुन्हा सुरू झाली, आणि तेथे मुले शेती, स्वयंपाक व सूतकताई करीत मराठीतून शिकू लागली.

दुसरी एक योजना आज फारशी कोणास आठवत नाही. त्याच १९३७-३८ च्या सुमारास आपल्या जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात पंडित रविशंकर शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर’ योजना काढली. ज्या गावास शाळा हवी त्या गावाने शाळेस जमीन द्यावी आणि त्या जमिनीच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च भागावा, अशी ती कल्पना होती. योजना फार काळ टिकली नाही. परंतु तिच्यामागील विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. गावाने ज्यात काही घातले, त्याची गाव राखण करतो. जे आयते मिळाले, ते कोणाचेच नसते.

पुढे शाळा जनपद सभांकडे आल्या. आपल्यातील वृद्ध मंडळींस ‘जनपदची शाळा’ हा शब्द अजून आठवत असेल. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळा वाढल्या, इमारती झाल्या, पगार वेळेवर होऊ लागले. हे सर्व उत्तमच झाले. परंतु हळूहळू गावाच्या बोलण्यात एक बदल झाला. ‘आपली शाळा’ म्हणणारे लोक ‘सरकारी शाळा’ म्हणू लागले. आमच्या मते शाळेची खरी पडझड त्या एका शब्दापासून सुरू झाली.

आता वर्षाकडे वळू.

विदर्भात उन्हाळा लांबतो, म्हणून आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर उघडतात. त्या वर्षी १ जुलैला शाळा उघडली. दारास आंब्याच्या पानांचे तोरण होते. नव्या मुलांना कुंकू लावून, हाती फूल व नवी पुस्तके देऊन आत घेतले. त्याच दिवशी शाळेतील बाईंनी एक गोष्ट केली, ती आम्हांस फार आवडली. व्हरांड्याच्या खांबाशी प्रत्येक मुलास उभे करून त्याच्या डोक्याइतक्या उंचीवर गेरूची रेघ ओढली आणि शेजारी नाव लिहिले. मग प्रत्येकाकडून थोडे वाचून घेतले. कोणी अक्षर ओळखतो, कोणी शब्द, कोणी वाक्य, कोणी उतारा, कोणी सबंध गोष्ट वाचतो, अशा पाच पायऱ्यांवर प्रत्येकाचे नाव एका वहीत टिपले. “खांबावरची रेघ आईबापांसाठी, वहीतली आपल्यासाठी,” असे त्या म्हणाल्या. चौथीतील एक मुलगा अक्षरांच्या पायरीवर होता. तीन वर्षे तो शाळेत आला होता, बसला होता, जेवला होता, घरी गेला होता.

जुलैत पाऊस लागला आणि शेतात निंदण सुरू झाले. निंदणास बाया जातात, आणि बाई घराबाहेर पडली की धाकटे मूल थोरलीच्या कडेवर येते. तिसरीतील एक चुणचुणीत मुलगी आठवड्यातून तीन-तीन दिवस दिसेना. अंगणवाडीत तीन वर्षांवरील मुले घेतात. हिचा भाऊ त्याहून लहान. आम्ही घरी गेलो. आई म्हणाली, “गुर्जी, तुमी सांगा, या लेकराले ठेवू कोठी?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. इतकी वर्षे आम्ही अशा मुलींच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करीत आलो आणि पालकांस ‘बेपर्वा’ म्हणत आलो; कडेवरच्या मुलाचा विचार आम्ही कधी केला नव्हता.

हा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत निघाला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात या समितीची तरतूद आहे. तीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. कागदोपत्री ही समिती प्रत्येक शाळेत असते. पुष्कळ ठिकाणी तिची सभा सह्यांच्या वहीतच भरते, हे आपण सर्व जाणतो. त्या दिवशी मात्र खरी सभा झाली, आणि तोडगा निघाला तो बायांकडून. देवळाच्या ओसरीवर एक निराधार आजीबाई दिवसभर बसून असत. त्यांनी निंदणाच्या आणि वेचणीच्या दिवसांत लहान मुले सांभाळावी, आणि ज्यांची मुले असतील त्यांनी घरटी पायलीभर धान्य त्यांस द्यावे, असे ठरले. सरकारचा पैसा लागला नाही, अर्ज लागला नाही. चार-पाच मुली दुसऱ्या आठवड्यापासून वर्गात दिसू लागल्या. आजीबाईंनाही दोन वेळचे अन्न आणि मान मिळाला. शाळेस गावाचा हातभार म्हणतात तो हाच, असे आम्हांस त्या दिवशी उमगले. पंखा देणे, घड्याळ देणे, त्यावर दात्याचे नाव रंगविणे, हाही हातभारच. परंतु तो दुसऱ्या क्रमांकाचा.

पोळ्याच्या सुमारास शाळेत सुतारदादांस बोलाविले. आपल्या वर्धा-नागपूरकडील तान्हा पोळा मुलांचा जीव की प्राण. सिंदीचा तान्हा पोळा तर दूरवर प्रसिद्ध आहे. दादांनी मुलांसमक्ष लाकडी बैल घडविला आणि त्यास चाके बसविली. मग गुरुजींनी दोरीने चाकाचा घेर मोजावयास लावला. एक फेरा झाला की बैल किती पुढे जातो, शाळेच्या फाटकापर्यंत जावयास किती फेरे लागतील, हे मुलांनी आधी हिशेबाने काढले आणि मग बैल ओढून पडताळले. दादा स्वतः दुसरी पास. शाळेत शिकविण्यासारखे आपल्यापाशी काही आहे, असे त्यांना आयुष्यात कोणी सांगितले नव्हते. त्या दिवसापासून शाळेचे मोडके बाक त्यांनी न सांगता दुरुस्त करून दिले. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत जे बोलले गेले, ते आम्ही पुस्तकात वाचले होते. त्याचा अर्थ आम्हांस त्या लाकडी बैलाने समजाविला.

दसरा झाला, कापूस फुटला. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एके काळी विलायतेच्या बाजारपेठेत होते, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु शाळेच्या दृष्टीने वेचणीचे दिवस मोठे अवघड. मजुरी किलोवर असते. जितके हात अधिक तितके पैसे अधिक, म्हणून मुलांचे हातही वावरात जातात. आम्ही रागावलो नाही. गुरुजींनी पालकांना एवढेच विनविले की, सकाळची शाळा चुकवू नका, आणि मुलांस घरचा हिशेब आणावयास सांगितले. आईने आज किती किलो वेचला, भाव काय, आठवड्याचे किती झाले, दुकानाची उधारी वजा जाता काय उरले, ही उदाहरणे फळ्यावर आली. एका मुलीने आईच्या आठवड्याच्या मजुरीत साठ रुपयांची चूक शोधून काढली. मालकाने बेरीज पुन्हा तपासली आणि पैसे देऊन टाकले. ती आई दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात उभी राहिली. आत आली नाही, काही बोलली नाही. थोडा वेळ पाहून निघून गेली. तिची मुलगी त्यानंतर एक दिवसही चुकली नाही.

आता त्या चौथीतील मुलाविषयी. त्यास पुस्तक दिसले की घाम फुटे. आम्ही पुस्तक बाजूस ठेवले आणि त्याच्या घरातील कागद आणावयास सांगितले. बियाण्याची रिकामी पिशवी, खताचे पोते, आजीचे रेशनकार्ड, एस. टी.चे तिकीट. त्यांवरील अक्षरे तो ओळखू लागला, मग शब्द. एके दिवशी आम्ही त्यास फवारणीच्या औषधाच्या डब्यांवरील त्रिकोणाविषयी सांगितले. लाल त्रिकोण म्हणजे अतिजहाल विष, पिवळा त्याखालचा, निळा त्याहून सौम्य, आणि हिरवा सर्वांत कमी. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, ते आपण विसरला नसाल. त्या मुलाचा बाप लोकांच्या शेतात फवारणीस जातो. मुलाने घरी जाऊन डब्यावरील कागद अडखळत वाचला आणि बापास म्हणाला, “बाबा, हातमोजे घाला म्हणून लिहिले आहे. तोंड बांधा म्हणून लिहिले आहे.” बापाने हे आम्हांस पारावर सांगितले, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. तीन वर्षे जे अक्षर त्या मुलास परके वाटत होते, ते बापाच्या जिवाशी निगडित झाले आणि त्याचे झाले. मार्चअखेर तो उतारा वाचू लागला. गोष्टीच्या पायरीपर्यंत पोहोचला नाही, हेही खरे सांगितले पाहिजे.

संक्रांतीच्या सुमारास बाल आनंद मेळावा झाला. मुलांनी तुरीच्या शेंगा, बोरे, पालकाच्या जुड्या, तिळगूळ मांडून दुकाने थाटली. सारे गाव गिऱ्हाईक होऊन आले. पाव किलोचा भाव, सुट्टे पैसे, नफा-तोटा, हे सर्व त्या दोन तासांत झाले. पुढे गिरडच्या टेकडीवर सहल गेली. शेख फरीदबाबांच्या दर्ग्यास सर्व धर्मांचे लोक जातात, हे मुलांनी पुस्तकात वाचण्याऐवजी डोळ्यांनी पाहिले.

आणखी एक दृश्य सांगितल्यावाचून राहवत नाही. शाळेत दुपारी पोषण आहार असतो. देशात ही योजना १५ ऑगस्ट १९९५ पासून आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजविलेले अन्न मिळू लागले. प्राथमिक वर्गातील मुलास साडेचारशे उष्मांक आणि बारा ग्रॅम प्रथिने मिळावी, असे तिचे प्रमाण आहे. पण आम्ही पाहत होतो ती पंगत. आमच्या लहानपणी गावात पाण्याचे रांजण निराळे होते आणि पंगतीही निराळ्या होत्या. आम्ही ते डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्या वेळी आम्हांस त्यात काही वावगे वाटले नाही, हेही सांगितले पाहिजे. या शाळेत सर्वांची मुले एका रांगेत मांडीला मांडी लावून बसतात, आणि ‘आज तुझ्या भातात वाटाणे जास्त आले’ एवढ्यावरूनच काय ते भांडतात. आपण जातीच्या मंडळाच्या व्यासपीठावर उभे राहून हे बोलत आहो, याची आम्हांस जाणीव आहे. म्हणूनच ते येथे बोलणे अवश्य वाटते.

मे महिन्याच्या आरंभी निकाल लागला. गेरूच्या जुन्या रेघेवर नवी रेघ ओढली. कोणी दोन बोटे वाढला होता, कोणी चार. वहीतील पायऱ्यांवरही बहुतेकांची नावे वर सरकली होती. परंतु वृत्तांत एकांगी होऊ नये. एक कुटुंब वर्षाच्या मध्यास विटाभट्टीच्या कामावर निघून गेले. त्यांच्या दोन मुलांच्या रेघा खांबावर एकेकट्याच राहिल्या. आम्ही पत्ता काढण्याचा प्रयत्न केला, तो सफल झाला नाही. शाळेतील दोन शिक्षकांपैकी एकास कागदी कामासाठी वारंवार बाहेर जावे लागे आणि चार इयत्ता एका खोलीत बसत. मुलींच्या स्वच्छतागृहास पाणी मार्च महिन्यात बंद झाले, ते अखेरपर्यंत नियमित मिळाले नाही. एका वर्षात सर्व काही साधले, असे जो सांगेल त्यावर आपण विश्वास ठेवू नये.

आता येथवर ऐकून आपल्यापैकी काही मंडळींच्या मनात एक प्रश्न आला असेल, आणि तो रास्त आहे. “गुरुजी, हे सर्व उत्तम. परंतु आपले मंडळ आपल्या समाजाचे. त्याचा निधी आपल्या लोकांनी पोटास चिमटा घेऊन दिलेला. तो गावातील सर्वांच्या मुलांवर का खर्चावा?”

याचे उत्तर धर्माचे आहे तसे व्यवहाराचेही आहे. धर्माचे उत्तर या जिल्ह्यातील माणसास सांगावे लागू नये. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज आपल्याच विदर्भाचे. त्यांनी जे उभे केले ते कोणा एका जातीसाठी उभे केले नाही. आम्ही व्यवहाराचे उत्तर सांगतो.

शाळा कोणा एका समाजासाठी वाचविताच येत नाही. कायद्याप्रमाणे शिक्षकांची संख्या मुलांच्या पटावर ठरते. पट उतरला की शिक्षक जातो. शिक्षक गेला की शिकविणे ढिले पडते. शिकविणे ढिले पडले की ज्याला ऐपत आहे तो मूल काढून शहरात घालतो, आणि पट आणखी उतरतो. २०१७ साली दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा बंद करून मुलांना दुसरीकडे हलविण्याचा निर्णय राज्यात झाला होता. पट वीसच्या खाली गेला की शाळेचे भवितव्य डळमळू लागते, हा अलीकडचा अनुभव आहे. म्हणजे मजुराची जी मुलगी धाकट्या भावास कडेवर घेऊन घरी बसते, तिच्या घरी बसण्याने आपल्याच समाजातील गरीब शेतकऱ्याच्या मुलाची शाळा जाते. आणि उलट, ऐपतदार माणूस आपले मूल काढून नेतो, तेव्हा तो त्या मजुराच्या मुलीच्या शाळेची एक वीट काढून नेतो. आम्ही ती वीट काढली होती. ग्रामसभेतील त्या माउलीने आम्हांस दुसरे काय विचारले?

आपल्या समाजातील किती कुटुंबे शहरात गाडीने मूल धाडू शकतात? जी धाडू शकत नाहीत, त्यांची मुले कोठे शिकतात? मंडळाचे सभासद म्हणून आपण ज्यांचे नाव घेतो, ती बहुसंख्य कुटुंबे तीच आहेत. दहावीच्या सत्कारास जी मुले व्यासपीठावर येत नाहीत, त्यांपैकी पुष्कळ चौथीतच मागे पडलेली असतात. त्यांचा सत्कार करता येणार नाही. परंतु त्यांस वाचावयास शिकविता येईल.

तेव्हा मंडळापुढे आम्ही तीन विनंत्या ठेवतो. मोठ्या नाहीत.

पहिली विनंती अशी की, गुणगौरवासाठी जो निधी दरवर्षी निघतो त्यातील निम्मा भाग आपल्या सभासदांच्या गावांतील प्राथमिक शाळांकडे वळवावा. त्यातून इमारत बांधावयाची नाही. गोष्टींची पुस्तके घ्यावी, आणि निंदण-वेचणीच्या दिवसांत लहान मुले सांभाळणाऱ्या एखाद्या आजीबाईस आधार द्यावा. जातीची अट घालू नये.

दुसरी विनंती तरुण मंडळींस. आज ज्यांचा सत्कार झाला, त्या प्रत्येकाने सुटीत गावी आल्यावर आठवड्यातून दोन तास गावच्या शाळेतील कच्च्या मुलाजवळ बसावे. शिक्षकांच्या परवानगीने बसावे, त्यांच्यावर हुकूम करावयास नव्हे. एकाने एक मूल वाचते केले तरी पुष्कळ झाले.

तिसरी विनंती पालकांस, विशेषतः मातांस. शाळा व्यवस्थापन समितीची सभा असेल त्या दिवशी सभेस जा. सही करून परत येऊ नका. काय शिकविले ते विचारा, काय अडले तेही विचारा, आणि जे आपल्या हातचे आहे ते तेथेच पत्करून या. कायद्याने दिलेली जागा आपण रिकामी ठेवली, तर ती दुसरे कोणी भरील.

आमच्या नातवाचे काय झाले, हे आपण मनात विचारीत असाल. तो शहरातील शाळेतच आहे. मध्येच त्यास काढणे त्याच्या आईबापांस मान्य झाले नाही, आणि लहान मुलावर आम्ही आपले प्रायश्चित्त लादणे बरे नव्हे. परंतु सुटीच्या दिवशी तो आमच्याबरोबर गावच्या शाळेच्या ओट्यावर येतो आणि तेथील मुलांशी मराठी गोष्ट वाचण्याची पैज लावतो. बहुधा हरतो. त्याची धाकटी बहीण मात्र २०२५ च्या जून महिन्यात गावच्या शाळेत पहिलीत दाखल झाली. तो निर्णय तिच्या आईने घेतला, आम्ही नव्हे. वर्षभर शाळेत काय चालते ते तिने पाहिले होते.

दाखल्याच्या दिवशी बाईंनी आमच्या नातीस खांबाशी उभे केले आणि गेरूची रेघ ओढली. तिच्या शेजारची रेघ कोणाची, म्हणून आम्ही चष्मा पुसून पाहिले. ग्रामसभेत ज्या माउलीने आम्हांस प्रश्न विचारला, तिच्या मुलाची ती रेघ होती. दोन्ही रेघा जवळजवळ सारख्याच उंचीच्या होत्या.

 मंडळाने आमच्या विनंत्यांचा विचार करावा, अशी नम्र प्रार्थना आहे.